पाचव्या खुर्चीवरचा पिवळा दोरा

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझे तीन पाय गडद आहेत आणि चौथा फिका. कुणी बसले की मी कुरकुरते. वयामुळे कुरकुरत असेन असे तुम्हाला वाटेल, पण तसे नाही, मित्रांनो. मी पहिल्या दिवसापासून कुरकुरते. स्वभावच तो, त्याला काय करणार?

माझ्या पाठीच्या जाड कापडावर रंगीबेरंगी टाके आहेत. काही सरळ, बरेचसे वेडेवाकडे. उजव्या कोपऱ्यात एक पिवळे फूल आहे आणि त्याच्या शेवटच्या पाकळीतून बोटभर दोरा सुटा लोंबतो. मला पाहणारा प्रत्येक जण आधी त्या दोऱ्याकडे हात नेतो. कुणी म्हणते, "कापून टाकू का?" कुणी म्हणते, "गाठ मारू का?" माझ्या काळजाचे पाणी पाणी होते. तो दोरा तसा का आहे, हे एकदा सगळ्यांना सांगून टाकावे म्हणून आज मी बोलते आहे.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. एके दिवशी त्याच्या दारात एक जुनी बस येऊन थांबली. आतली बाके काढून तिचे घर केलेले होते. खिडकीला पडदे, एका बाजूला एकावर एक असे पलंग, दुसऱ्या बाजूला कामाचे टेबल आणि त्यावर पाने-पकडी ओळीने टांगलेल्या. तिच्यातून एक बाई उतरली. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. गावोगावच्या शिंप्यांकडे जायचे, मशीन उघडायचे, नीट करायचे आणि पुढे निघायचे, असा तिचा धंदा. नवरा गाडी चालवायचा, स्वयंपाक करायचा आणि शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावून द्यायचा. मोठी मुलगी सात वर्षांची, तिला सगळे थोरली म्हणत. धाकटा तेव्हा अंगठा चोखत होता. चौघांना दुसरे घर नव्हते.

"पाच घडीच्या खुर्च्या करून द्या," बाई म्हणाली.

सुताराने डोकी मोजली. "चौघंच आहात की तुम्ही. तेही या अंगठेबहाद्दराला धरून."

"पाचवी येणाऱ्याची."

"कोण येणारेय?"

"ते तिथं गेल्यावर कळेल."

सुतार मान हलवत कामाला लागला. चार खुर्च्या झाल्या आणि चांगले लाकूड संपले. मग त्याने कोपऱ्यातले तुकडे गोळा केले, एका मोडक्या दाराची पट्टी तासली आणि मला उभे केले. म्हणून माझा एक पाय फिका. कापड मात्र बाईने स्वतः दुहेरी शिवले, कारण दुसऱ्याच्या शिलाईवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

गाडीच्या मागच्या दाराला पाच आकडे होते. सर्वांत शेवटच्या आकड्यावर मी. गाव आले, गाडी थांबली, की आधी आम्हाला खाली उतरवत. चार खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून मांडल्या जात. माझे तोंड रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे की इथे एक जागा रिकामी आहे, बसा म्हटले की बसता येईल. आणि लोक खरेच बसत. न्हावी बसला, पोस्टातला कारकून बसला, शाळेच्या बाई बसल्या. एक म्हातारी तर रोज भाजीची पिशवी घेऊन यायची, तासभर एक शब्द न बोलता बसायची आणि उठताना म्हणायची, "बरं वाटलं."

निघायच्या दिवशी थोरलीची आई माझ्यावर बसून गेलेल्या प्रत्येकाला एक सुई ओवून द्यायची. दोऱ्याचा रंग ज्याचा त्याने निवडायचा. माझ्या पाठीवर हवे ते चार टाके घालायचे, पण शेवटी गाठ मारायची नाही. "गाठ आम्ही परत आलो की," असे ती म्हणायची. वर्षाने गाडी त्याच गावात आली की तो माणूस आपला सुटा दोरा शोधायचा आणि गाठ मारायचा. न्हाव्याने टाक्यांची कात्री काढली होती, ती बेडकासारखी दिसायची. थोरलीचे बाबा दर वर्षी त्याला विचारत, "बेडूक बरा आहे ना?"

मोठ्यांचे हे असे छान चालले होते. मुलांचे तसे नसते, मित्रांनो. गाडी एका गावात सात-आठ दिवस राहायची. पहिल्या दिवशी गावातली मुले लांब उभी राहून बघत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी एकाला पुढे ढकलायचे. तिसऱ्या दिवशी तो माझ्यावर बसे, पाचव्या दिवशी गळ्यात गळा, आणि आठव्या दिवशी खुर्च्या घडी. थोरलीचे असे किती मित्र झाले आणि मागे राहिले, ते मी सांगू शकते. गाडी निघाली की ती मागच्या दाराशी, माझ्या शेजारी बसून रस्ता दिसेनासा होईपर्यंत हात हलवायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिने हात हलवणे सोडले. दहाव्या वर्षी मित्र करणेच सोडले. मुले आली की ती पुस्तक उघडून पाठ फिरवायची.

"जा की खेळायला," तिचे बाबा म्हणत.

"कशाला? परवा निघायचंच आहे."

मला ते ऐकून वाईट वाटायचे. मी त्याच कामासाठी घडवलेली आणि माझ्या घरातल्याच मुलीला माझा उपयोग उरला नव्हता.

त्याच वर्षी एका नव्या गावात, एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानासमोर आमच्या गाडीचा क्लच गेला. सुटा भाग यायला वेळ लागणार होता. आम्ही तिथे तब्बल एकोणीस दिवस अडकलो.

त्या शिंपीआजोबांची एक नात होती. आई-वडील कामासाठी लांबच्या शहरात, म्हणून ही आजोबांजवळ. नऊ वर्षांची, पण अंगाने एवढीशी, म्हणून आजोबा तिला चिमटी म्हणत. चिमटी लांब उभी राहून बघत बसली नाही. पहिल्याच संध्याकाळी बटणांची बरणी काखेत मारून आली आणि कुणी बसा म्हणायच्या आत माझ्यावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी कुरकुरले.

"ही रडते का?" तिने थोरलीला विचारले.

थोरली पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाली, "जुनी आहे."

"माझे आजोबा पण उठताना असंच करतात." मग तिने बरणी माझ्या पायाशी उपडी केली. "यात दोन बटणं अगदी सारखी आहेत. आजोबा म्हणतात, नाहीत. शोधायची का?"

थोरलीने पुस्तक मिटले. आता मला सांगा, शेकडो बटणे समोर पडलेली असताना कोण पुस्तक वाचेल? एकोणीस दिवस त्या दोघी माझ्या पायाशी बसून बटणे जुळवत होत्या. सारखी दोन सापडली नाहीत. सापडू नयेत असेच दोघींना वाटत असावे.

चिमटीकडे एक मोठे काम होते. दर रविवारी आजोबांच्या मशीनला तेल घालायचे. थोरलीच्या आईने ते मशीन उघडून, पुसून, लख्ख करून दिले आणि चिमटीला जवळ बोलावले.

"किती भोकं आहेत?"

"सात."

"प्रत्येकात?"

"दोन थेंब."

"मग झालं तर. तू एवढं करत राहिलीस तर याला माझी गरजच पडणार नाही."

ती हे कौतुकाने म्हणाली होती. चिमटीचा चेहरा उतरला, ते थोरलीच्या आईने पाहिले नाही. तिला आपल्या कामाचा फार अभिमान होता आणि अभिमानाने बोलताना माणसाचे समोर लक्ष नसते.

निघायच्या दिवशी चिमटीने पिवळा दोरा निवडला. जीभ दातांत धरून तिने माझ्या पाठीवर पाच पाकळ्यांचे फूल काढले आणि विचारले, "गाठ कधी?"

"पुढच्या वर्षी, याच दिवसांत," थोरलीची आई पाने मोजून पेटीत ठेवत म्हणाली.

माझ्यावर बसून चिमटीने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली. तेव्हा थोरली तिच्या कानाशी वाकली. "एवढं काय तोंड पाडतेस? वर्षभर कुठलं? मशीन बिघडलं ना कुणाचं, तर आई लगेच येते. निरोप मिळाला की अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवते. मी पाहिलंय."

ते खोटे नव्हते. तिची आई तशीच होती. थोरलीने मैत्रिणीची समजूत घालण्यासाठी आपल्याजवळ होते ते सर्वांत खरे सांगितले. मी ते ऐकले, आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या काळी मोबाईल नव्हते. थोरलीची आई प्रत्येक शिंप्याकडे पुढच्या पाच-सहा दुकानांचे पत्ते लिहून ठेवायची. आमची पत्रे त्या दुकानांत येऊन पडत. गाडी आधीच निघून गेली असेल तर दुकानदार पत्ता खोडून पुढच्या दुकानाचा घालायचा आणि पत्र आमच्या मागे धावायचे. चिमटीची तीन पत्रे लवकर आली. थोरली ती माझ्यावर बसून मोठ्याने वाचायची. मग पत्रे थांबली.

निघाल्याला चार महिने होऊन गेले होते. एका कोट शिवणाऱ्याच्या दुकानात एक पाकीट आमची वाट बघत होते. त्यावर चार पत्ते लिहिलेले आणि तीन खोडलेले. थोरली धावत माझ्याकडे आली, बसली, वाचू लागली आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला.

"मी तेल घातलं नाही. दहा रविवार. होतं ते पण चिंधीने पुसून काढलं. आता मशीन फिरत नाही. आजोबा हाताने शिवतात. त्यांना सुई ओवता येत नाही. मी शाळेत जायच्या आधी सुया ओवून त्यांच्या सदऱ्याला टोचून ठेवते. त्या संपल्या की ते नुसते बसून राहतात. आता तुम्ही येणार ना? मी कुणाला सांगितलं नाही. तू पण सांगू नकोस."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इकडे तिकडे पाहिले आणि माझ्या बैठकीच्या दोन कापडांमध्ये ते पत्र सरकवले.

मित्रांनो, आठ दिवस ते पत्र माझ्या पोटात होते. सांगावे तर मैत्रिणीने सांगू नकोस म्हटलेले, शिवाय आपलेच शब्द आईसमोर येणार. न सांगावे तर तिकडे आजोबा दोरा संपलेल्या सुया सदऱ्याला टोचून बसलेले. थोरली जेवेना. धाकट्यावर उगाच खेकसायची. मला बोलता आले असते तर मी पहिल्याच दिवशी ओरडले असते. माणसे माझ्यावर येऊन बसत होती, गप्पा मारून जात होती आणि मला फक्त कुरकुरता येत होते.

आठव्या दिवशी तो कोट शिवणारा माझ्यावर बसला होता. थोरलीची आई त्याला ऐटीत सांगत होती, "माझ्या हाताखालून गेलेलं मशीन वर्षभर बंद पडत नाही. या अख्ख्या रस्त्यावर एक तरी दाखवा मला."

"आहे एक," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती रडत रडत उठली, कोट शिवणाऱ्याला म्हणाली, "काका, जरा उठता?" आणि माझ्या बैठकीत हात घालून तिने ते चुरगळलेले पत्र आईच्या हातात दिले.

आईने ते दोनदा वाचले. "मशीन बिघडलं की मी येते, हे तिला कुणी सांगितलं?"

"मी. पण ते खोटं नव्हतं ना?"

आईने पत्राची घडी घातली. "खोटं नव्हतं," ती म्हणाली. "तेच तर वाईट आहे."

थोरलीचे बाबा हळूच म्हणाले, "चार दिवसांचा रस्ता आहे, उलटा. हंगामाची कामं हातची जातील."

"खुर्च्या घडी करा," आई म्हणाली.

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळ होती. आजोबा दुकानाच्या पायरीवर उजेडाला बसून हाताने बाही जोडत होते. सदऱ्यावर एकच ओवलेली सुई उरली होती. त्यांच्या मागे मशीनवर चादर घातलेली. गाडी पाहताच चिमटी आतल्या खोलीत पळाली आणि तिने दार लावून घेतले. इतके दिवस जिची वाट पाहिली ती समोर आली, आणि तिला तोंड दाखवायची हिंमत होईना.

आईने चादर काढली, चाकावर हात ठेवला. ते जागचे हलले नाही. तिने मशीन उघडले, आत रॉकेल सोडले आणि म्हणाली, "आतल्या दांड्याला चरे पडले असतील तर हे मशीन गेलं, काका. दोन दिवस भिजू दे. मग कळेल."

ते दोन दिवस थोरलीने मला दुकानाकडे तोंड करून मांडले. ती समोर पायरीवर बसायची आणि बंद दाराकडे बघायची. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्यावर येऊन टेकले. थोरलीने सगळा धीर गोळा केला. "आजोबा, तिची चूक नाही. मीच तिला सांगितलं होतं की मशीन बिघडलं की आम्ही येतो."

"मला माहीत होतं," आजोबा म्हणाले. "तू सांगितलंस ते नव्हे. तिनं केलं ते. मशीन अडकलं त्या दिवशी तेलाची कुपी उचलली. भरलेली होती. डोळे गेलेत माझे, हाताला वजन कळतं अजून."

थोरलीची आई मशीनशी उभी होती, ती वळली. "मग निरोप का नाही धाडलात? मी आले असते."

"म्हणूनच नाही धाडला, ताई." आजोबांनी सदऱ्यावरच्या सुया चाचपल्या. "मी बोलावलं असतं, तुम्ही धावत आला असता. पोरीनं काय शिकायचं त्यातून? माणसं हवी असली की काहीतरी मोडायचं? आई-बाप तिचे ती आजारी पडली की येतात. एरवी पत्र येतं. एवढं एक तिनं आणखी कुठं शिकू नये, असं वाटलं मला. शिवलं हातानं, काय बिघडलं?"

मित्रांनो, त्या माणसाने दोन महिने अधू डोळ्यांनी हाताने शिवले होते, ते यासाठी. आपण धावून आलो म्हणजे मोठे चांगले केले, असे थोरलीच्या आईला वाटत होते. मलाही तसेच वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने चाक धरले आणि जरा जोर दिला. कचकन आवाज झाला, आणि चाक फिरले. दांडा शाबूत होता. सातही भोकांत तेल गेले, पट्टा चढला, आजोबांनी पायडलवर पाय ठेवला आणि दुकान त्या आवाजाने भरून गेले. थोरलीच्या बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि रॉकेलच्या वासाला नावे ठेवली.

आतले दार उघडले. चिमटी आली, कुणाकडे न बघता माझ्यावर बसली. तिचे डोळे सुजले होते.

"नीट झालं," ती म्हणाली. "आता जाल."

"हो," थोरली म्हणाली.

"आणि आता मी तेल घालणार. मग ते कधीच बिघडणार नाही."

ती हे असे म्हणाली, जणू तिला शिक्षा सांगितली होती. थोरलीच्या आईने हातातली चिंधी खाली ठेवली आणि ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"दोन महिन्यांनी आम्ही परत येतोय."

"कशाला? मशीन तर नीट झालं."

"बसायला."

"नुसतं?"

"नुसतं बसायला. पाने-पकडी गाडीतच राहतील. तू तेल घातलं नसलंस, तर मात्र मी रागावेन."

चिमटीचा विश्वास बसला नाही. खरे सांगते, माझाही बसला नव्हता. या गाडीचा रस्ता वर्षभर आधी ठरायचा आणि कामाशिवाय ती कुठे वळल्याचे मी पाहिले नव्हते. पण त्या बाईने नकाशा पुढ्यात घेतला, दोन मोठी गावे सोडून दिली आणि नवा रस्ता आखला. दोन महिन्यांनी आम्ही त्या दुकानासमोर थांबलो तेव्हा चिमटी शाळेतून येत होती. तिने गाडी पाहिली आणि दप्तर रस्त्यातच टाकून धावत सुटली. पण आमच्याकडे नाही, आधी दुकानात. आतून तिचा आवाज आला, "आजोबा, मशीन चालू आहे ना? चालू आहे ना?" मग ती बाहेर आली, धापा टाकत माझ्यावर बसली आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.

थोरलीने सुई पुढे केली. "गाठ मार. परत आलो आम्ही."

चिमटीने तो पिवळा दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली आणि त्याच्या पुढचीही. दर वेळी थोरली सुई पुढे करायची आणि दर वेळी ती राहू दे म्हणायची. तेव्हापासून थोरलीची आई वाटेतल्या चालू मशीनच्या घरीही थांबू लागली. थोरली पुन्हा गावातल्या मुलांकडे पाहून हसू लागली आणि निघताना हात हलवू लागली.

वर्षे गेली. आजोबा गेले. दुकान चिमटीने चालवायला घेतले. आमच्या गाडीचे इंजिन एके दिवशी कायमचे बसले आणि कुटुंब एका शहरात घर करून राहिले. थोरली आईच्या धंद्यात शिरली, तिचे दुकान झाले, लग्न झाले, मुलगी झाली. माझ्या चार बहिणी एकेक करून मोडल्या. घरात सोफा आला. मला माळ्यावर टाकले, रिकाम्या खोक्यांच्या मागे. तिथे मी अकरा वर्षे होते. बैठक उंदरांनी कुरतडली. पाठीला तीन ठिकाणी भोके पडली. पिवळा दोरा मात्र उरला, कसा ते मला ठाऊक नाही.

त्या दोघींचे काही भांडण झाले नव्हते. नुसते राहून जात होते. आधी चार पत्रे वर्षाला, मग दोन, मग एक. कधी हिच्या दुकानात काम, कधी तिच्या घरी लग्न. एका जागी राहणाऱ्या माणसांना वाटते, आपण काय, केव्हाही जाऊ शकतो. फिरत्या गाडीत असा गैरसमज कुणाचा नव्हता.

मग एके सकाळी माळ्याचे दार उघडले. उजेड आला आणि त्यात थोरलीचा चेहरा. केस पिकले होते. तिने मला खाली उतरवले, फडक्याने पुसले आणि पाठीवरचे टाके एकेक करून बोटाने पाहिले. तिच्या हातात एक पत्र होते. तिची मुलगी विचारत होती, "काय लिहिलंय मावशीनं?" थोरलीने ते पुढे केले आणि मुलीने मोठ्याने वाचले. दोनच ओळी होत्या.

"मशीन उत्तम चालू आहे. तरी ये."

"हे महिन्यापूर्वीचं आहे, आई."

"हो," थोरली म्हणाली. "महिनाभर टेबलावर पडलं होतं. माझ्या समोर."

मुलगी म्हणाली, माझे कापड पार गेले आहे, नवे घालू. थोरलीने तिला हात लावू दिला नाही. बैठक बदलली, पण पाठीच्या मागून नव्या कापडाचे अस्तर लावून तिने प्रत्येक भोक बारीक टाक्यांनी शिवून घेतले. एकाही जुन्या टाक्याला सुई लागू दिली नाही. बेडूकही राहिला. मग तिने दुकानाला कुलूप घातले, मला मोटारीच्या मागच्या बाजूला ठेवले आणि निघाली.

इतक्या वर्षांनी रस्ता अंगाखालून गेला आणि मी आनंदाने इतकी कुरकुरले की थोरलीने दोनदा मागे वळून पाहिले.

दुकान तेच होते. पायरीही तीच. आतून मशीनचा आवाज येत होता. थोरलीने मला पायरीसमोर मांडले, रस्त्याकडे तोंड करून, आणि हाक मारायच्या ऐवजी नुसती उभी राहिली. मशीन थांबले. चष्मा कपाळावर सारत एक ठेंगणी बाई दारात आली. तिने आधी थोरलीला पाहिले, मग मला, आणि तिचा चेहरा भीतीने आक्रसला.

"काय झालं?" ती म्हणाली. "काही बिघडलंय का? आई बरी आहे ना? धाकटा?"

"काही बिघडलेलं नाही," थोरली म्हणाली. "सगळी बरी आहेत. बसायला आले."

चिमटी पायरी उतरून आली, माझ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. तिचे पाय अजूनही जमिनीला टेकत नव्हते.

मित्रांनो, मी लाकूड आणि कापड. मला घडी करून ठेवले तर मी पडून राहते, तक्रार करत नाही. माणसांचेही तसेच होते, हे मी पाहिले आहे. तुमचा कुणी मित्र दूर गेला असेल, किंवा तुम्हीच दूर गेला असाल, तर त्याचे काही बिघडेपर्यंत थांबू नका. तो बरा असताना जा. जाता येत नसेल तर लिहा, आणि आलेले पत्र महिनाभर टेबलावर ठेवू नका. घरात एक जास्तीची खुर्ची असू द्या आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग टाकू नका.

आणि कधी त्या दुकानावरून गेलात, तर पायरीसमोर मी दिसेन. थोरली जाताना मला तिथेच ठेवून गेली. बसा, मी कुरकुरेन, तिकडे लक्ष देऊ नका. पण माझ्या पाठीवरच्या त्या सुट्या पिवळ्या दोऱ्याला कात्री लावू नका, गाठही मारू नका. थोरली पुढच्या महिन्यात परत येणार आहे.